शब्दचर्चा: ‘खोलीमापक’ की ‘जाडीमापक’?

प्रश्न: पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) रोपणावरील एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद करताना दोन ठिकाणी अडलो आहे. पारपटलाचे केवळ पुढचे थर काढून सर्वांत आतला थर रुग्णाचा स्वतःचाच ठेवण्याच्या शस्त्रक्रियेत, पाते किती खोल गेले आहे हे ठरवणाऱ्या साधनांना मी ‘खोलीमापक’ म्हटले आणि ‘डिसेक्शन’साठी ‘विच्छेदन’ योजले. हे शब्द योग्य आहेत का?

प्रतिसाद: ‘विच्छेदन’ टाळावे, कारण तो शब्द वाचताच वाचकाला शवागार आठवते. ‘विलगीकरण’ व्युत्पत्तीने ठीक आहे, परंतु २०२० नंतर त्याचा अर्थ साथीच्या रोगाशी जखडला गेला. नेत्रशल्यचिकित्सक येथे फार कापत नाही, तो थर सोडवतो. म्हणून ‘थर सोडवणे’ हेच नेमके वाटते.

‘खोलीमापक’बद्दलचा आक्षेप अधिक गंभीर आहे. पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, आणि प्रत्येक डोळ्यात ही जाडी थोडी निराळी, तर शंकूसारख्या पुढे आलेल्या रोगट पारपटलात जागोजागी निराळी असते. त्यामुळे वरून किती खाली आलो हे कळून भागत नाही. खाली किती उरले आहे हे कळावे लागते, कारण तिथे चूक झाली तर आतला पडदा फाटतो. आधी जाडी मोजण्याचे जे यंत्र वापरतात त्या पॅकिमीटरच्या नावातला ग्रीक शब्दही ‘जाड’ याच अर्थाचा आहे.

नेत्रशल्यचिकित्सक मेलेस यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या युक्तीत हे स्पष्ट दिसते. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात हवा भरली की पारपटलाची आतली बाजू आरशासारखी वागते. पात्याचे टोक आणि त्यापुढे दिसणारा प्रकाशाचा परावर्तित ठिपका यांच्यामध्ये एक काळी पट्टी उमटते. ती पट्टी म्हणजे न कापलेला भाग, आणि पाते खोल जाईल तसतशी ती अरुंद होत जाते.

दुसरा प्रतिसाद: सहमत आहे, मात्र एक अपवाद नोंदवावासा वाटतो. सुरुवातीचा गोल छेद घेणाऱ्या ट्रेफाइनचे पाते ठरावीक फेऱ्यांनी ठरावीक अंतर खाली उतरते. तिथे ‘खोली’ हाच शब्द बरोबर आहे. उलट सूक्ष्मदर्शकाला जोडलेला ओसीटी (प्रकाशाच्या साहाय्याने आतल्या थरांचे चित्र घेणारे यंत्र) पारपटलाचा उभा छेद चित्रात दाखवतो, म्हणजे खोली आणि उरलेली जाडी दोन्ही एकाच चित्रात दिसतात. फक्त धातूच्या सुईची सावली नेमकी तिच्याखालच्या, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या भागावर पडते.

‘थर’ऐवजी ‘पापुद्रा’ही विचारात घ्यावा. अन्वर आणि टाइकमान या नेत्रशल्यचिकित्सकांच्या २००२ मधील पद्धतीत सुईने खोलवर हवा सोडून मोठा बुडबुडा तयार करतात व आतला पडदा वेगळा करतात. भाकरी फुगून तिचा पापुद्रा सुटतो, तसेच हे आहे, फक्त इथे वाफेऐवजी हवा असते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. ट्रेफाइनपुरती ‘खोली’ ठेवतो, इतरत्र ‘उरलेली जाडी’ लिहितो. ‘पापुद्रा’ शब्दाला संपादक घरगुती म्हणून हरकत घेतील, तरी बुडबुड्याच्या परिच्छेदात तोच ठेवणार आहे. वृत्तपत्रांप्रमाणे पारपटलाला ‘बुबुळ’ म्हणण्याचा त्यांचा आग्रह मात्र मान्य करणार नाही. बुबुळ पारपटलाच्या मागे असते आणि या शस्त्रक्रियेत त्याला कोणी हात लावत नाही.