'माघार' घेतली, काढून घेतलं की ताबा सोडला?

अनुवादिका :
एका लेखाचा अनुवाद करतेय. परक्या मुलखात जाऊन बसलेलं सैन्य बाहेर कसं काढायचं, आणि त्या मुलखावरचा ताबा नेमका कधी संपला म्हणायचा, यावर दोन पक्षांची जुंपलीय असा विषय. मूळ लेखकाने विथड्रॉवल आणि रिट्रीट हे शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेत. सरकार म्हणतं हे विथड्रॉवल, विरोधक म्हणतात नाव काहीही द्या, हे रिट्रीटच. मी सवयीने दोन्हीकडे 'माघार' लिहून गेले आणि वाक्य झालं : 'ही माघार नसून माघार आहे.' सकाळपासून तिथेच अडलेय.

जाता जाता दुसरी शंका. 'सैन्यमाघार' की 'सैन्यमाघारी'? छापून येताना दोन्ही दिसतात.

उपसंपादक :
दुसरीचं आधी, कारण ती सोपी आहे. 'माघार' स्त्रीलिंगी. भिंत–भिंतीला, तशी माघार–माघारीला. त्यामुळे 'माघारीची तारीख', 'माघारीनंतर' हे ठीक. पण 'सैन्यमाघारी पूर्ण' हे काही खरं नाही. सामान्यरूपाचा प्रत्यय गळून पडला आणि उरलेलं धड नाम म्हणून मिरवायला लागलं. 'माघारी फिरला' मधलं 'माघारी' क्रियाविशेषण आहे, त्याचा इथे संबंध नाही. (रात्री अकरा वाजता मीही ही चूक केलीय, त्यामुळे फार ओरडत नाही.)

पहिलीसाठी : रिट्रीटला 'पिछेहाट' करून टाका, विथड्रॉवलला 'माघार' राहू द्या.

अनुवादिका :
तोही विचार केला, जमत नाही. माघार 'घेतात', पिछेहाट 'होते'. पिछेहाट म्हणजे समोरच्याने मागे रेटलं. निवडणुकीत पक्षाची पिछेहाट होते, ती कुणी हुकूम काढून करत नाही. इथे तर सरकार तारीख ठरवून सैन्य परत आणतंय.

शिवाय विथड्रॉवलला 'माघार' ठेवली तर सरकारची बाजू आधीच पडते ना? आपण 'तो माघार घ्यायला तयार नाही' म्हणतो ते कौतुकाने. मग माघार घेणारा कसा दिसणार?

निवृत्त फौजी :
मध्ये बोलतो. आमच्याकडे 'विड्रॉल' हा चक्क शिकवायचा विषय होता. चढाई जशी शिकवतात तसाच. मागची माणसं आणि सामान आधी निघतं, तेही शक्यतो अंधारात. आघाडीच्या खंदकात थोडी माणसं उरतात. ती अधूनमधून गोळ्या झाडत राहतात, म्हणजे समोरच्याला वाटावं की सगळी तुकडी जागेवरच आहे. मग तीही सरकतात. मागे एक ठिकाण ठरलेलं असतं, तिथे एकजण उभा राहून अंधारात माणसं मोजतो. आकडा जुळल्याशिवाय पुढे हलायचं नाही. यात हार-जीत नसते. शत्रूच्या हातातून आपला हात सोडवून घ्यायचा, एवढंच.

त्यामुळे 'माघार' म्हटलं की पळ काढल्यासारखं ऐकू येतं, हे मला कधी पटलं नाही. पण ऐकू येतं खरं.

कोशवाचक :
फौजीकाकांनी जे सांगितले त्यात वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि मराठीने सगळ्या एकाच पोत्यात भरल्या. रशियनमध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानातून निघाले त्या प्रकाराला 'व्हीवद' म्हणतात, म्हणजे 'बाहेर नेणे'. युद्धात मागे हटण्याला तिथे वेगळाच शब्द आहे. १४ एप्रिल १९८८ला जिनिव्हात करार झाला, १५ मेपासून सैन्य निघू लागले, पहिल्या तीन महिन्यांत निम्मे, एकूण नऊ महिन्यांत सगळे असे ठरले. १५ फेब्रुवारी १९८९ला सोव्हिएत सेनापती जनरल ग्रोमोव्ह सीमेवरच्या अमुदर्या नदीच्या पुलावरून पायी पलीकडे गेले. कॅमेरे तयार होते, फुले तयार होती. चित्र 'बाहेर नेण्या'चे होते. जगाने वाचले ते 'हरून गेले'. शब्द नीट निवडला तरी तो एवढेच करू शकतो.

आता आपल्या जुन्या कागदांकडे या. बखरींत अंमल 'बसतो' आणि 'उठतो'. ठाणे बसते, ठाणे उठते. वेढा उठतो, छावणी उठते. जे बसवले ते उठवायचे, इतका सरळ हिशेब. 'गाशा गुंडाळणे' हेही त्याच गावचे. गाशा म्हणजे खोगिरावरचे कापड. यांतल्या 'ठाणे उठवणे' या प्रयोगात लाज नाही आणि फुशारकीही नाही. माझे मत त्याला.

उपसंपादक :
'ठाणे उठवले' असं शीर्षक दिलं तर निम्मे वाचक शहर कुठे गेलं म्हणून विचारतील.

कायद्याचा विद्यार्थी :
मला वाटतं गाठ वेगळीच आहे. 'माघार' या शब्दात सैन्य जाणं आणि ताबा संपणं हे दोन्ही एकदम गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात दोन्ही सुटे आहेत. युद्धाबद्दलच्या १९०७च्या हेग नियमांतलं ४२वं कलम सांगतं की एखादा प्रदेश प्रत्यक्षात शत्रुसैन्याच्या अधिकाराखाली आला की तो व्याप्त, आणि जिथवर तो अधिकार बसलाय आणि चालवता येतो तिथवरच. म्हणजे कायदा सैनिक मोजत नाही, अधिकार कोणाचा चालतो ते बघतो.

इराकचं बघा. मे २००३च्या १४८३ क्रमांकाच्या ठरावात सुरक्षा परिषदेने अमेरिका आणि ब्रिटनला ताबा घेतलेल्या सत्ता म्हणून नोंदलं. जून २००४च्या १५४६ने सांगितलं की ३० जूनपर्यंत ताबा संपेल. सत्तांतर दोन दिवस आधीच, २८ जूनला उरकलं. त्या रात्री इराकमध्ये लाखाहून जास्त अमेरिकी सैनिक होतेच. कालपर्यंत ताबेदार, आजपासून यजमानांच्या संमतीने थांबलेले पाहुणे. ताबा उठला, सैन्य जागच्या जागी.

आणि उलटं उदाहरण गाझाचं. सप्टेंबर २००५मध्ये इस्रायलने तिथलं सैन्य आणि वसाहती दोन्ही काढल्या. पण आकाश, समुद्र आणि बहुतेक नाकी त्यांच्याच हातात राहिली, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी गाझाला व्याप्त म्हणणं थांबवलं नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४च्या सल्लामतात याचा सूर असा लावला की जितकं नियंत्रण उरलंय तितकी जबाबदारीही उरलीय. सैन्य गेलं, ताबा गेला का याचं भांडण चालूच राहिलं.

कोशवाचक :
विषयांतर होतेय, पण 'कालपर्यंत ताबेदार' वाचून घास अडकला. ताबेदार म्हणजे ताब्यात असलेला, हुकमाचा बंदा! मूळ अरबी 'ताबे' म्हणजे मागून चालणारा. तुम्ही अमेरिकेला इराकचा नोकर करून ठेवलेत.

'व्याप्त'चीही तीच गोची. पाकव्याप्त काश्मीरमुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, पण व्यापणाऱ्याला काय म्हणायचे? 'व्यापक' म्हटले तर अर्थ भलतीकडे. 'कब्जेदार' अर्थाने चोख, फक्त त्याला जमिनीच्या कागदांचा वास येतो. 'भोगवटादार'बद्दल बोलूच नका.

कायद्याचा विद्यार्थी :
ताबेदार मागे घेतो. (माघार म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.)

अनुवादिका :
हसले. पण गाझावरून आठवलं, त्या २००५च्या कारवाईला इस्रायलने 'हितनत्कूत' म्हटलं होतं, म्हणजे नातं तोडून बाजूला होणं. लेखात तो उल्लेख आहे. मी 'विलगीकरण' लिहिलं होतं. करोनानंतर तो शब्द गेलाच, गाझाला चौदा दिवस खोलीत बसवल्यासारखं वाटतं. 'अलग होणं' करू का?

उपसंपादक :
'अंग काढून घेणं' करा. त्यात 'आता आमचा काही संबंध नाही' हा सूर आपोआप येतो. त्या नावाचा हेतूही बहुधा तोच होता.

अनुवादिका :
हे आवडलं, घेते.

आता खरी अडचण. लेखात १९६७च्या २४२ क्रमांकाच्या ठरावावर दोन परिच्छेद आहेत. नोव्हेंबर १९६७, सुरक्षा परिषद, जूनच्या सहा दिवसांच्या अरब-इस्रायल युद्धानंतरचा. इंग्रजी मसुद्यात इस्रायली सैन्याने 'नुकत्याच झालेल्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून' निघावं असं आहे, पण 'प्रदेशां'च्या आधी 'द' (इंग्रजीतलं निश्चितता दाखवणारं उपपद) नाही. त्या एका न लिहिलेल्या 'द'वर सगळं भांडण. एक बाजू म्हणते 'द' नाही, म्हणजे सगळ्या प्रदेशांतून असं ठरलेलंच नाही. फ्रेंच मसुद्यात 'दे तेरित्वार' आहे, त्याचा सरळ अर्थ 'त्या प्रदेशांतून' असा निघतो. दुसरी बाजू तो पुढे करते. मराठीत 'द'च नाही, मग हा वाद मराठीत मांडू कसा?

कायद्याचा विद्यार्थी :
'सर्व' घातलं की तुम्ही अरब देशांच्या बाजूला, 'काही' घातलं की इस्रायलच्या. मराठी वाक्य उघडंच ठेवा : 'व्यापलेल्या प्रदेशांतून'. मराठी वाचकाला ते सगळे प्रदेश वाटतील की काही?

निवृत्त फौजी :
मला सगळेच वाटले. 'चोरलेल्या वस्तू परत कर' म्हटलं तर निम्म्या परत करून चालेल असं कोणी धरेल का?

उपसंपादक :
काका, चोर धरेल.

कोशवाचक :
हा मुद्दा थट्टेवारी जाऊ देऊ नका. मराठीत निश्चितता दाखवायला 'ते', 'त्या' आहे, पण ती सक्तीची नाही. न लिहिण्यातून काहीच सिद्ध होत नाही. इंग्रजीत न लिहिणे हीच खूण ठरते. म्हणून अनुवादात ठराव मराठीत द्या आणि पुढच्याच वाक्यात सांगा की इंग्रजी मसुद्यात निश्चिततेचा शब्द गाळला आहे आणि फ्रेंचमध्ये तो आहे. भाषांतराने जे दाखवता येत नाही ते सांगावे लागते. त्यात कमीपणा नाही. रशियनही संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा आहे आणि तिच्यातही हा 'द' नाही, एवढे समाधान माना.

उपसंपादक :
एक गंमत कोणाच्या लक्षात आली का? 'सैन्य मागे घेतलं' आणि 'सैन्य मागे ठेवलं' यांत 'मागे' एकच, अर्थ उलटे. पहिल्यात सैन्य घरी आलं, दुसऱ्यात तिथेच राहिलं. 'पाच हजार सैनिक मागे' असं शीर्षक आलं तर वाचकाने काय समजायचं? इराकबाबतीत २०११मध्ये वाद याच 'मागे ठेवण्या'वरून होता. २००८च्या अमेरिका-इराक करारात सैन्य शहरांतून ३० जून २००९पर्यंत आणि देशातून ३१ डिसेंबर २०११पर्यंत निघेल असं लिहिलेलं. थोडे सैनिक ठेवायची बोलणी झाली, पण त्यांना इराकी कायद्यापासून सूट द्यायची का यावर ती फिसकटली. डिसेंबरात शेवटचा ताफा कुवेतमध्ये गेला.

कायद्याचा विद्यार्थी :
त्या कराराच्या नावातही हाच खेळ आहे. अमेरिकेत त्याला सर्रास सैन्याच्या दर्जाबद्दलचा करार म्हणतात, म्हणजे राहण्याच्या अटींचा. छापील नावात मात्र आधी इराकमधून सैन्य 'काढून घेणे' येतं आणि मग त्यांच्या 'तात्पुरत्या वास्तव्या'तलं कामकाज. राहणारा एक नाव उचलतो, घरवाला दुसरं. जपानमध्येही १९४५नंतर ताबा घेऊन बसलेल्या सैन्यासाठी लोकांच्या तोंडी 'येऊन तळ दिलेलं सैन्य' अशा अर्थाचा शब्द होता, ताब्याचा थेट शब्द टाळून.

कोशवाचक :
घरवाल्याचा शब्द आपल्याला ठाऊक आहे की! ८ ऑगस्ट १९४२, मुंबई : 'चले जाव'. त्यात माघार नाही, टप्पे नाहीत, वेळापत्रक नाही. ताब्यात असलेला माणूस 'सैन्य मागे घ्या' असे क्वचितच म्हणतो. तो 'जा' म्हणतो. 'कालबद्ध', 'टप्प्याटप्प्याने', 'परिस्थिती पाहून' ही सगळी येऊन बसलेल्याची क्रियाविशेषणे आहेत.

अनुवादिका :
हे पूर्ण पटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चार देशांच्या ताब्यात असलेल्या ऑस्ट्रियाने स्वतःच वेळापत्रक मागून घेतलं होतं. मे १९५५चा करार, जुलैत लागू, ९० दिवसांत चारही देशांचं सैन्य बाहेर, बदल्यात कायमची तटस्थता. ऑक्टोबरअखेर देश मोकळा. घरवाल्यालाही तारीख हवी असते, कारण तारीख नसली की 'परिस्थिती सुधारली की जाऊ' येतं. आणि परिस्थिती सुधारली की नाही हे ठरवणार कोण? जो बसलाय तोच. माझ्या लेखातला अर्धा वाद इथेच आहे : तारखेने जायचं की अटीने. 'सशर्त माघार' लिहिलं तर अटी जाणाऱ्याच्या की राहणाऱ्यांच्या हे कळत नाही, म्हणून ते काढलंय. सरळ लिहिलंय, 'अमुक झालं तरच निघू'.

तर आता असं ठरवलंय. विथड्रॉवलला नाम नकोच, क्रियापद : 'फौजा काढून घेणे'. ताबा असेल तिथे 'ताबा संपणे' वेगळं लिहायचं, दोन्ही एका शब्दात कोंबायचे नाहीत. आणि 'माघार' फक्त रिट्रीटला, कारण त्यात जो डंख आहे तोच विरोधकांना हवाय. वाक्य झालं : 'सरकार म्हणते, आम्ही फौजा काढून घेत आहोत, विरोधक म्हणतात, ही सरळ सरळ माघार आहे.'

निवृत्त फौजी :
हे बरोबर. मला 'माघार' आवडत नव्हती ती याचसाठी.

उपसंपादक :
वाक्य झकास. पण शीर्षकात 'काढून घेणार' मावत नाही, मी 'फौजा काढणार' केलं असतं.

कोशवाचक :
नको! मोहीम काढणे, फौज काढणे म्हणजे चालून जायला बाहेर पडणे. तुमचे शीर्षक वाचून लोक म्हणतील, पुन्हा निघाले.

उपसंपादक :
मग एक ओळ वाढवून मागतो.