लॅगोसुकस डायनासोर धरायचा की नाही? आणि मारासुकस म्हणजे तोच काय?

खानापूर_मास्तर
नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या वर्गासाठी डायनासोरांच्या वंशाचा मोठा तक्ता करायलोय. एका जुन्या पुस्तकात लॅगोसुकस म्हणून बारका प्राणी दिलाय, दुसरीकडं तसल्याच चित्राखाली मारासुकस लिहिलंय, आणि लॅगरपेटॉन तर एकीकडं डायनासोरांच्या बाजूला अन् एकीकडं उडणाऱ्या टेरोसॉरांच्या बाजूला. वर्गातल्या एका पोरीनं सरळ विचारलं, सर, हा मागच्या दोन पायांवर पळतोय मग ह्याला डायनासोर का म्हणायचं नाही? तिला नीट उत्तर द्यायचंय. हाडांत फरक नेमका कुठं बघायचा? आणि आपल्या बेळगाव भागात असलं काय सापडेल का, हेही पोरं रोज विचारायलीत.

टिळकवाडी_वाचक
सर, आधी नावाचं सांगतो. आल्फ्रेड रोमर या जीवाश्मशास्त्रज्ञांनी १९७१ ला अर्जेंटिनाच्या ला रिओहा प्रांतातल्या चान्यारेस खडकांतल्या हाडांना लॅगोसुकस तालाम्पायेन्सिस नाव दिलं, पुढच्या वर्षी दुसरी जात, लॅगोसुकस लिलोएन्सिस. मग १९९४ ला सेरेनो आणि आर्कुची म्हणाले की पहिल्या नमुन्यावरनं जात पक्की ओळखताच येत नाही, म्हणून दुसऱ्या जातीला त्यांनी मारासुकस हे वेगळं नाव दिलं. २०१९ ला अग्नोलिन आणि एस्कुरा यांनी दोन्ही नमुने परत बारकाईनं बघितले आणि प्राणी एकच ठरवला, आणि आधीचं नाव ते खरं या नियमानं लॅगोसुकस परत आलं. तक्त्यावर लॅगोसुकसच लिहा पण खाली बारीक अक्षरात मारासुकस पण असूदे, पोरं नेटवर शोधायला गेली की ते नाव भेटणारच. काळ २३ कोटी ६० लाख ते २३ कोटी ४० लाख वर्षांमागचा.

शहापूरची_अक्का
मास्तर, पोरीचा प्रश्न लई चांगला आहे, तिला आधी खुबा दाखवा. डायनासोराच्या खुब्यात जिथं मांडीचं हाड बसतं तिथं आरपार भोक असतं. लॅगोसुकसात ती वाटी जवळजवळ बंदच आहे, खालच्या काठाला तेवढी खाच पडलीय. म्हणजे सुरुवात झालीय पण भोक झालेलं नाही.

बाकी पाय बघितला तर माणूस फसणारच की. नडगी मांडीच्या हाडापेक्षा लांब, तळपायाची हाडं लांब आणि जवळजवळ, आणि घोटा दाराच्या बिजागरीसारखा फक्त पुढं-मागं हलणारा. मगरीच्या घोट्यात सांधा दोन मोठ्या हाडांच्या मधनं जातो म्हणून तिचं पाऊल वळतं, ह्याच्यात ती दोन्ही हाडं नडगीच्या बाजूला राहतात. म्हणजे मगरीच्या फांदीवरचा हा नव्हेच, डायनासोर अन् पक्ष्यांच्या फांदीवरचा आहे, हे घोटाच सांगतो.

आणि व्याख्या अशी आहे बघा, तीन शिंगांचा डायनासोर ट्रायसेराटॉप्स आणि आपली चिमणी ह्या दोघांचा सगळ्यात जवळचा सामाईक पूर्वज आणि त्याची सगळी पिलावळ म्हणजे डायनासोर. लॅगोसुकसची फांदी त्या पूर्वजाच्या आधीच फुटलीय. दोन पायांवर पळतो का चारांवर ह्याचा इथं संबंधच येत नाही. आणि जुन्या पुस्तकात पूर्वज लिहिलं असलं तरी तुम्ही पोरांना चुलत घराण्यातला म्हणून सांगा, थेट आजोबा होता असं कुणाला म्हणता येत नाही.

टिळकवाडी_वाचक
अक्का, लॅगरपेटॉनचं पण सांगा की, माझ्या मते खरी गोष्ट तिथंच आहे.

शहापूरची_अक्का
होय की. तोही रोमरनीच १९७१ ला त्याच खडकांतनं दिलेला. कितीतरी वर्षं त्याचे मागचे पाय, कंबर आणि थोडे मणके एवढ्यावरच सगळं चाललं होतं. पायाचं चौथं बोट सगळ्यात लांब, हे लॅगोसुकसात नाही, तरी घोटा बघून त्याला डायनासोरांजवळ ठेवलं. मग ब्राझील, अमेरिका, मादागास्करमधल्या त्याच्या भाऊबंदांची कवटीची हाडं हातात आली, सीटी स्कॅन झाले, आणि २०२० ला एस्कुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या, मेंदूची जागा, दातांवरची टोकं हे सगळं टेरोसॉरांच्या जवळ जातं. नुसत्या पायावरनं घराणं ठरवलं की असं होतं, म्हणून मला हे उदाहरण वर्गात सांगण्यासारखं वाटतं. तक्त्यात लॅगरपेटॉनला टेरोसॉरांच्या शेजारी बसवा.

गोकाकचा_दगडवाला
बेळगावात शोधून उपयोग नाही सर. आपल्याकडचा काळा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा, आणि गोकाकच्या धबधब्याखालचा वाळूचा खडक कलादगी खोऱ्यातला, डायनासोरांच्या कितीतरी आधीचा. मधला ट्रायासिकचा, म्हणजे लॅगोसुकसच्या काळातला थरच आपल्या जिल्ह्यात नाही. पोरांना नाराज करू नका मात्र, तेलंगणात गोदावरीच्या खोऱ्यात मलेरीचे खडक आहेत, तिथनं १९८७ ला शंकर चॅटर्जी यांनी आल्वाल्केरिया हा जुना डायनासोर वर्णन केला. त्यातली काही हाडं दुसऱ्याच प्राण्यांची निघाली पण मांडीचं हाड डायनासोराचं मानतात. तोपण तक्त्यात घाला, आपल्या देशातला आहे.

खानापूर_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार. सायलेसॉरस कुठं बसवू? पोलंडचा, खालच्या जबड्याला चोच असलेला. लॅगोसुकसच्या पुढं का डायनासोरांच्या आत?

शहापूरची_अक्का
त्यावर अजून एकमत नाही मास्तर. बऱ्याच जणांच्या मते तो डायनासोरांच्या अगदी बाहेर आहे, पण २०२० मधल्या एका अभ्यासात त्याचं घराणं ट्रायसेराटॉप्सच्या बाजूला, म्हणजे डायनासोरांच्या आत धरलंय. त्याची रेघ तुटक काढा आणि दोन्ही जागा दाखवा.