इंग्रजीचा गृहपाठ: तुम्ही कुठे अडलात?

लेकरांचा, भाचरांचा किंवा लहानपणी स्वतःचा इंग्रजीचा अभ्यास करताना कुठे घोडं अडलं, काय सुचलं, ते लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत. 2000 पासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आलं, त्यामुळे लेक माझ्यापेक्षा चार वर्षं पुढे. तिच्या वहीत 'वेटिंग सिन्स टू अवर्स'वर लाल काट. मीही तेच लिहिलं असतं! घोळ आपल्या 'पासून'चा. सोमवारपासून, दोन तासांपासून, आपल्याला एकच शब्द पुरतो. आता आम्ही तो काढून बघतो. 'दोन तास थांबलोय' चालतं, म्हणजे फॉर. 'सोमवार थांबलोय' चालत नाही, म्हणजे सिन्स.

*

आमच्याकडे 'ने'नं छळलं. 'मामाने पेनने पत्र लिहिलं' याचं चिरंजीवांनी केलं 'बाय अंकल रोट अ लेटर बाय पेन'. मामाच्या 'ने'ला इंग्रजीत काहीच लागत नाही, पेनला विथ, आणि बसने जायचं तर बाय. हसू आवरून समजावलं.

*

न्यू जर्सीहून. मुलीच्या निबंधात मी मोठ्या ऐटीत 'प्रीपोन' (ठरल्यापेक्षा अलीकडे आणणं, 'पोस्टपोन'च्या उलट) घातला. बाईंनी शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. आपल्याकडे सर्रास चालतो, इकडे कुणी ऐकलेला नव्हता. तेव्हापासून मी फक्त स्पेलिंग बघते.

*

भाच्याला मुद्द्यांवरून गोष्ट लिहायची होती: दोन भाऊ, विहीर, भांडण, शहाणा न्यायाधीश. गाईडमधली गोष्ट अख्ख्या वर्गाने उतरवलेली. म्हटलं, तू विहिरीवरचं भांडण पाहिलंयस का? तर म्हणे, बाबा आणि काकाचं, मोटरच्या पाळीवरून! मग आधी मराठीत सांगायला लावलं. दहा मिनिटं थांबेना. इंग्रजीत आणताना 'पाळी'ला टर्न सहज मिळाला. 'बांध'ला मी बाउंड्री सुचवलं, पण पठ्ठ्या ऐकेना. बांधावर बसून डबा खातात, बाउंड्रीवर कोण बसतं? डिक्शनरीत 'बंड' सापडला, आपल्याकडूनच तिकडे गेलेला. वाक्यं बाराच, पण सगळी त्याची.

पाचपैकी तीन मिळाले. न्यायाधीश राहिला म्हणून. भाचा म्हणतो, आमच्याकडे तो अजून आलेलाच नाही, कुठून आणू?

*

वरच्या गोष्टीतल्या मोटरचं पुढे काय झालं?

*

वीज रात्री येते. दोघं आळीपाळीने उठतात, बोलत मात्र नाहीत.