विषय: यादी वेशीवर टांगायची का?

प्रिय मंडळी,

लैंगिक गुन्हेगारांची यादी भारतातही सर्वांना खुली करा, अशी मागणी मंडळाने करावी असं मला मनापासून वाटतं. १९९४ साली इथे न्यू जर्सीत मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीला समोरच राहणाऱ्या माणसाने मारलं. असल्याच गुन्ह्यांत त्याला आधी दोनदा शिक्षा झालेली, आणि गल्लीत कुणालाच पत्ता नाही. त्यातून अशा माणसांची माहिती लोकांना देणारा 'मेगन्स लॉ' आला. सुट्टीत मुलांना म्हापशाला आजीकडे पाठवते तेव्हा तिथलं मला काहीच बघता येत नाही.
– मेधा, एडिसन

मेधाताई,

काळजी रास्त आहे. फ्रेडी पीटला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी १९९६ साली जन्मठेप झाली. मडगावात मुलांचा आश्रम चालवणारा माणूस तो. ते आम्ही विसरलेलो नाही. तरीही खुल्या यादीला माझा विरोध आहे.

भारतात अशी नोंद २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलिसांना दिसते. तशीच राहावी. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात: मामा, शेजारी, शिकवणीचे सर. आमच्या वाड्यावर मोजकी घरं. मामाचा फोटो आणि कलम नेटवर आलं की भाची कुठली, हे कुणाला विचारावं लागणार नाही. पोक्सोचं कलम २३ मुलाची ओळख छापायला मनाई करतं, आणि खुली यादी तीच ओळख मागच्या दाराने देणार. मी फोंड्याला शाळेत शिकवते. एक आई मुलीला घेऊन आली होती. दिराचं नाव घ्यायच्या आधी तिने दार लोटलं आणि विचारलं, "बाई, गावात कळणार नाही ना?" यादी खुली असती तर ती आलीच नसती.

शिक्षा भोगून सुटलेल्याचंही बोलते, राग आला तरी चालेल. घर नाही, काम नाही, गावाने हाकलला, की तो पत्ता न सांगता दुसरीकडे जातो आणि पोलिसांच्याही हातून निसटतो. त्यात मुलांचा काय फायदा? तुमच्या राज्यातही सगळ्यांना एका मापाने मोजत नाहीत. धोक्यानुसार तीन पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीची माहिती पोलिसांपुरतीच, आणि वरच्या पायऱ्यांवर शाळांना वा शेजाऱ्यांना कळवण्याआधी माणसाला न्यायाधीशापुढे बोलता यावं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं. पॅटी वेटरलिंग यांचा मुलगा १९८९ साली पळवला गेला, त्याच्या नावाने अशी नोंद ठेवायला लावणारा १९९४ चा अमेरिकेचा केंद्रीय कायदा झाला. याद्या फार ताणल्या गेल्या, असं पुढे त्यांनीच उघडपणे म्हटलं.

मंडळाने मागायचंच तर हे मागा: शाळा, पाळणाघर, वसतिगृह, पोहण्याचे वर्ग, जिथे मुलं असतील तिथे माणूस कामावर घेण्याआधी पोलिसांकडून ठरलेल्या मुदतीत 'घ्या' किंवा 'घेऊ नका' एवढं लेखी उत्तर. नोंदीला काळाची मर्यादा आणि फेरविचाराचा हक्क हवा.
– सुलभा, फोंडा

सुलभाताई, नोकरीआधीच्या चौकशीचं पटलं. आईचा मुद्दा मी धरलाच नव्हता. पण किनाऱ्यावर येणाऱ्या परदेशी माणसांचं काय?
– मेधा

मेधाताई, तिथे तुमची मदत लागेल. अमेरिकेच्या २०१६ च्या कायद्याने मुलांवर गुन्हा केलेल्या नोंदणीकृत माणसाच्या पासपोर्टवर तशी खूण असते आणि तो निघाला की त्या देशाला आगाऊ कळवता येतं. ती सूचना दिल्लीहून गोवा पोलिसांपर्यंत वेळेत पोचावी, हा मुद्दा निवेदनात पहिला घाला. मसुदा मी रविवारपर्यंत पाठवते.
– सुलभा