डिशचं अर्थिंग आणि विजेचं नुकसान

खानापूरकर:
वळवाच्या आधी स्लॅबवर डिश बसवायची आहे. जमीन जांभ्याची. अर्थिंग कसं करावं? वीज पडून टीव्ही गेला तर भरपाई कोण देतं?

निपाणीचा वायरमन:
दादा, डिशच्या खांबापासून 16 चौरस मिमीची तांब्याची वायर सरळ खाली न्या, वाटेत गुंडाळी नको. क्लॅम्पच्या जागचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा. रंगावर आवळलेला क्लॅम्प दिसतो घट्ट, पण जोड होत नाही. खाली जमिनीत 40 मिमीचा, किमान अडीच मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप. जांभ्यात ओल टिकत नाही, म्हणून भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. मीठ टाळा, पाइप गंजतो.

चिकोडीवाले:
महत्त्वाचं राहिलं! हा पाइप घराच्या मूळ अर्थिंगला जोडायलाच हवा. दोन्ही सुटी राहिली तर जवळ वीज पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो सेटटॉप बॉक्स, टीव्हीतून वाट काढतो. केबल घरात शिरते तिथं ग्राउंडिंग ब्लॉक (केबल अर्थिंगला जोडायचा धातूचा छोटा जोड) लावून तिच्या आतली तारेची जाळीही त्याच अर्थिंगला द्या. एवढं करूनही थेट वीज पडली तर बॉक्स वाचेलच असं नाही. आभाळ भरून आलं की केबल आणि प्लग दोन्ही काढा, नुसतं स्विच बंद करून भागत नाही.

सीमाभाग:
भरपाईचं: वॉरंटीत वीज सहसा वगळलेली असते. ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या विम्यात वीज पडून झालेलं नुकसान येतं, पण जादा दाब किंवा शॉर्टसर्किटनं नुसतं उपकरण जळालं तर ते, कारण वीज असली तरी, वगळलेलं असू शकतं; पॉलिसी वाचून घ्या. बसवणाऱ्याकडून बिलावर अर्थिंगचं काम लिहून घ्या आणि पाइप बुजवण्याआधी फोटो काढा. कबूल केलेलं काम झालं नसेल तर ग्राहक आयोगात तोच पुरावा.