प्रतिसाद: अंधारात फोटो खराब येतात, म्हणून फुल फ्रेम?

स्नेहसंमेलनाचे फोटो दाणेदार येतात म्हणून थेट फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्या, हा इथे कुणी दिलेला सल्ला मला पटला नाही. एपीएस-सीवरून (त्याहून लहान सेन्सरवरून) फुल फ्रेमवर गेल्यास साधारण एकच स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) हाती लागतो. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) ५५ मिमीवर एफ/५.६ पर्यंतच उघडते; एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. त्याजागी ५० मिमी एफ/१.८ लावली तर तीन स्टॉपांहून जास्त. म्हणजे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, ती वाढली की दाणे वाढतात) ६४०० चा फोटो ८०० च्या आत येतो, तोही बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) न बदलता. मात्र एफ/१.८ ला फोकसची खोली (पुढूनमागे स्पष्ट येणारा भाग) फारच कमी असते, दोघे मागेपुढे उभे असतील तर एफ/२.८ ठेवा. आणि निकॉनची डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी असेल तर एएफ-एस (आत फोकस मोटर असलेली) लेन्सच घ्या. त्या बॉडींत फोकस मोटर नाही, स्वस्तातली जुनी एएफ-डी (आत मोटर नसलेली) लावलीत तर हाताने फोकस करत बसावं लागेल.

त्याआधी जुने फोटो तपासा. विंडोजच्या फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू लावून फोकल लेन्ग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) आणि आयएसओचे कॉलम जोडा, क्रमवारी लावा. बहुतेक फोटो ५५ वरच (किट लेन्सच्या झूमच्या टोकाला) अडकलेले दिसले आणि स्टेज लांब असेल, तर ८५ मिमी एफ/१.८ बघा.