मिझुरीतील उन्हाळी खारशिकार: उकाडा, गोचिडी आणि चिगर यांचा बंदोबस्त कसा करावा?

ओझार्कनिवासी

नमस्कार. मी नोकरीनिमित्त दक्षिण मिझुरीत, ओझार्कच्या डोंगराळ भागात राहतो आणि एच-१बी व्हिसावर आहे. येथे खारींच्या शिकारीचा हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी सुरू होऊन १५ फेब्रुवारीपर्यंत चालतो, आणि करडी खार व फॉक्स स्क्विरल या दोन्ही जाती मिळून एका शिकाऱ्याला दिवसाला १० खारींची मर्यादा असते. माझे शेजारी जूनमध्येच मार्क ट्वेन राष्ट्रीय वनात जातात आणि या वर्षी त्यांनी मलाही सोबत बोलावले आहे. शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला असून परवाना मात्र अजून काढलेला नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे घरातल्या कोणाला विचारावे अशी सोय नाही. मला बंदुकीपेक्षा उकाड्याची आणि चावणाऱ्या किड्यांची काळजी अधिक वाटते. जूनमध्ये येथे सकाळी नऊ वाजताच दमट हवेने जीव कासावीस होतो, अंगणातल्या गवतातून फिरून आले तरी पायांवर गोचिडी सापडतात, आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर नावाच्या किड्यामुळे अनेक दिवस खाज सुटते. अंग पूर्ण झाकावे तर उष्माघाताची भीती आणि हलके कपडे घालावेत तर किड्यांची, अशा स्थितीत अनुभवी मंडळी काय करतात? शिवाय एवढ्या उष्म्यात मारलेल्या खारीचे मांस घरी पोहोचेपर्यंत चांगले कसे ठेवावे, हेही कृपया सांगावे.

रानतुती

परवान्याविषयी आधी लिहितो, कारण ती बाब किड्यांहून गंभीर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे, आणि ज्या मोजक्या अपवादांमुळे ही मनाई लागू होत नाही, त्यांपैकी एक म्हणजे राज्याने रीतसर दिलेला शिकार-परवाना. तेव्हा शेजाऱ्यांची बंदूक थोडा वेळ हातात घ्यायची असली तरी त्याआधी परवाना आपल्या खिशात असला पाहिजे. तरीही शंका राहिली तर आपल्या इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता उकाडा. जूनमध्ये खारी कोठे आणि केव्हा असतात हे लक्षात घेतले की उन्हात फिरण्याची वेळच फारशी येत नाही. या दिवसांत ओढ्याकाठच्या आणि शेताच्या कडेच्या तुती पिकलेल्या असतात आणि खारी पहाटेपासून त्यांवर येतात. ऊन चढले की त्या गर्द पानांत पसरून पडतात आणि संध्याकाळ होईपर्यंत फारशा हलत नाहीत. म्हणून उजाडण्यापूर्वी तुतीजवळ जागा धरावी, दोन-तीन तास स्थिर बसावे आणि हवा तापू लागताच परत फिरावे. दुपारी रान तुडवत खारी शोधणे म्हणजे शरीराला विनाकारण त्रास देणे आहे, कारण त्या वेळी त्या दिसतच नाहीत. या हंगामात पाने दाट असल्याने डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात: वारा नसताना एखादीच फांदी हलणे, दवाचे थेंब एकाच जागी टपटपणे, अर्धवट खाल्लेली फळे खाली पडणे, या खुणांवर लक्ष ठेवावे. पानांतून वर नेम धरायचा असल्यामुळे मी उन्हाळ्यात शॉटगन आणि सहा नंबरचे छर्रे वापरतो. पॉइंट टू-टू रायफलची हुकलेली गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि पानांआड काय आहे हे दिसत नसताना ती आकाशाच्या दिशेने झाडू नये.

किड्यांचा बंदोबस्त रानात नव्हे, तर घरी आदल्या दिवशी करायचा असतो, हे मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. बूट, मोजे, विजार, सदरा आणि टोपी यांवर पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा ०.५ टक्क्यांचा फवारा मारून ते उघड्यावर पूर्ण वाळू द्यावेत. हे औषध कपड्यांसाठी आहे, ते त्वचेवर लावू नये. वाळलेल्या कपड्यावर त्याचा परिणाम कित्येक आठवडे टिकतो आणि त्यावर चढलेली गोचीड थोड्याच वेळात लुळी पडून गळते. उघड्या त्वचेसाठी २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन हे किडे दूर ठेवणारे औषध वापरावे. मी पिकारिडिन निवडतो, कारण डीटमुळे प्लास्टिक, चष्म्याची काच आणि बंदुकीच्या दस्त्यावरचे पॉलिश खराब होते. बाकी संरक्षणात दोन्ही चांगली आहेत.

आपण मांडलेला पेच खरा आहे, परंतु अंग झाकल्याने होणारा त्रास कापडाच्या निवडीने बराच कमी होतो. सैल, पातळ, घाम चटकन वाळवणारा लांब बाह्यांचा सदरा अंगावर वारा खेळू देतो. जाड सुती कापड मात्र घामाने भिजून जड होते. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, सदरा विजारीत खोचावा. पडक्या कुजक्या ओंडक्यावर किंवा उंच गवतात बसू नये, कारण गोचिडी आणि चिगर यांचे ठाणे तेथेच असते. घडीचे लहान स्टूल न्यावे आणि ते उघड्या जमिनीवर किंवा ओढ्याच्या गोट्यांवर मांडावे. डासांसाठी गॅसच्या कुपीवर चालणारे थर्मासेल नावाचे उपकरण मिळते. त्यातल्या वडीत अ‍ॅलेथ्रिन असते, म्हणजे आपल्याकडच्या डासांच्या वडीतलेच औषध, आणि हवा स्तब्ध असेल तर ते बसल्या जागी उत्तम काम करते. वारा सुटला की त्याचा उपयोग संपतो, पण मग डासही कमी होतात.

नाडीपरीक्षा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि अर्कान्सासमध्ये काम करतो, त्यामुळे फक्त गोचिडींविषयी लिहितो.

तुमच्या भागात सर्वाधिक आढळणारी गोचीड म्हणजे लोन स्टार टिक. मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका असतो. ही नुसती गवतावर वाट पाहत बसत नाही, तर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागाने माणसाकडे चालत येते, आणि दबा धरून स्थिर बसणाऱ्या शिकाऱ्याला तिचा उपद्रव अधिक होतो. तिच्यामुळे एर्लिकिओसिस हा जिवाणूजन्य तापाचा रोग होतो. अमेरिकन डॉग टिकमुळे रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर होतो, आणि नावात रॉकी पर्वत असला तरी या रोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण मिझुरी, अर्कान्सास, ओक्लाहोमा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या पाच राज्यांत सापडतात. या दोन्ही रोगांवर डॉक्सिसायक्लिन हे औषध आहे आणि ते ताप येताच, रक्ततपासणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता सुरू करावे लागते. अंगावर पुरळ उशिरा उठू शकतो किंवा उठतही नाही, म्हणून त्याची वाट पाहू नये. रानातून आल्यावर दोन आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखी झाली, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात गोचिडीविषयी सांगावे. गोचिडीमुळेच पसरणाऱ्या हार्टलँड विषाणूची पहिली नोंद २००९ साली वायव्य मिझुरीतल्या दोन शेतकऱ्यांमध्येच झाली आणि त्यावर अद्याप विशिष्ट औषध नाही, यावरून हा विषय हलक्यात घेण्यासारखा नाही हे ध्यानात यावे.

मांसाहारी मराठी कुटुंबांना मी आवर्जून सांगतो ती गोष्ट म्हणजे अल्फा-गॅल. लोन स्टार गोचिडीच्या चाव्यानंतर काही जणांच्या शरीरात सस्तन प्राण्यांच्या मांसातील अल्फा-गॅल नावाच्या शर्करेविरुद्ध अ‍ॅलर्जी निर्माण होते. मग मटण, बीफ, पोर्क खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात मुरडा येतो, उलट्या होतात, क्वचित रक्तदाब कोसळतो. जेवण रात्री आणि त्रास मध्यरात्री, त्यामुळे दोन्हींचा संबंध कित्येकांच्या लक्षातच येत नाही. काहींना दूधदुभतेही सोसत नाही. खारदेखील सस्तन प्राणी आहे, तेव्हा शिकारीत घेतलेल्या चाव्यामुळे शिकारीचेच मांस वर्ज्य होऊ शकते. कोंबडी आणि मासे तेवढे चालतात. हा संबंध उलगडणारे व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाही २००७ साली रानात फिरताना गोचिडीच्या पिल्लांनी चावा घेतला आणि पुढे हीच अ‍ॅलर्जी झाली. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०१० पासून देशातील साडेचार लाखांपर्यंत लोकांना ही बाधा झालेली असू शकते.

घरी येताच रानातले कोरडे कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवावेत. गोचिडी त्यात मरतात, नुसत्या धुण्याने मरतीलच असे नाही. दोन तासांच्या आत साबणाने घासून स्नान करावे आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागचा भाग, कानांच्या पाठी व केसांची मुळे तपासावीत. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल, पेटती काडी हे आपल्याकडचे उपाय गुरांवरही करू नयेत आणि माणसांवर तर मुळीच करू नयेत.

चिगरविषयी थोडे: हे माइट वर्गातील अळीरूप किडे आहेत. ते त्वचेत शिरत नाहीत. लाळेने पेशी विरघळवून तो रस शोषतात, आणि खाज त्या लाळेची असते. त्यामुळे चाव्यावर नेलपॉलिश लावून त्यांना गुदमरवण्याचा उपाय निरर्थक आहे. वेळेवर केलेल्या साबणाच्या स्नानाने ते निघून जातात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफस या तापाचे अनेक रुग्ण आढळले. तो याच कुळातील भारतीय किड्यांमुळे पसरतो. येथील चिगर त्रास देतात तो प्रामुख्याने खाजेचा.

केंटकीकर

वरील सर्व सल्ला उपयुक्त आहे, परंतु माझे स्पष्ट मत असे की नवख्या माणसाने पहिली शिकार जूनमध्ये करूच नये. आमच्याकडे हंगाम ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि मर्यादा दिवसाला ६ खारींची आहे. तेव्हा हिकरी या कठीण कवचाच्या फळांच्या झाडाची फळे भरलेली असतात आणि खारी ती कुरतडताना टरफलांचा चुरा पावसासारखा खाली पडत राहतो, त्यामुळे खार शोधणे सोपे जाते. पण ऑगस्टमध्येच लोन स्टारची पिल्लेही निघतात आणि एका पानावरून त्यांचा अख्खा पुंजका विजारीवर येतो. अशा वेळी चिकटपट्टीचा गुंडाळा खिशात असावा. पुंजका पांगण्यापूर्वी पट्टी दाबून उचलली की बहुतेक पिल्ले निघून येतात. ऑक्टोबरात थंडी पडली की चिगर संपतात, पाने झडतात, खार दूरवरून दिसते आणि मांसही तासाभरात नासत नाही. एवढी सोय चार महिन्यांवर असताना घाई कशासाठी?

रानतुती

केंटकीकर, आपले म्हणणे सुखाच्या दृष्टीने बरोबर आहे, शिकण्याच्या दृष्टीने मात्र मला ते पटत नाही. जूनमध्ये वनात गर्दी नसते, फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेल्या कोवळ्या खारी या वेळी वाढलेल्या असतात आणि त्यांचे मांस झटपट तळूनही मऊ राहते. शरदातल्या निबर खारीला मात्र मंद आचेवर बराच वेळ शिजवावे लागते. शिवाय ओझार्कनिवासी यांना अनुभवी सोबती जूनमध्ये मिळतो आहे.

मांसाचा प्रश्न राहिला होता. खार पडल्यावर ती शिकारीच्या जॅकेटच्या बंद खिशात कोंबू नये. आत उष्णता साठते, आणि शरीर थंड होऊ लागताच तिच्या अंगावरच्या पिसवा व गोचिडी आपल्याकडे वळतात. शक्य तितक्या लवकर आतडी काढावीत. कातडीही तेव्हाच सोलावी, कारण खार गार झाली की कातडी अंगाला घट्ट धरते आणि काम दुप्पट होते. सोलण्यापूर्वी खार पाण्यात बुडवून घेतली तर केस मांसाला चिकटत नाहीत. मग शेपटीच्या मुळाशी खालून छेद देऊन, शेपटीवर पाय ठेवून मागचे पाय वर ओढावेत. मी छोट्या कूलरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून नेतो. सोललेले मांस पिशवीत बंद करून त्यांच्यामध्ये ठेवतो, म्हणजे ते वितळलेल्या पाण्यात लोळत नाही, आणि परतीच्या वाटेवर तेच गार पाणी पिण्यास उपयोगी पडते. पाणी तहान लागण्यापूर्वीच पीत राहावे. घाम येणे थांबले, डोके गरगरले किंवा बोलणे अडखळू लागले, तर शिकार सोडून सावली गाठावी, अंगावर पाणी ओतावे आणि सोबत्याला मदत बोलवायला सांगावे.

ओझार्कनिवासी

सर्वांचे मनापासून आभार. परवाना काढल्याशिवाय बंदुकीला हात लावणार नाही. दोन शंका उरल्या आहेत. आमच्या घरी मांजर आहे, तर पर्मेथ्रिन मारलेले कपडे घरात ठेवणे सुरक्षित आहे का? आणि उन्हाळ्यातल्या खारींच्या कातडीखाली अळ्या असतात, म्हणून थंडी पडण्यापूर्वीची खार खाऊ नये, असे येथे ऐकतो. त्यात तथ्य किती?

रानतुती

ओले पर्मेथ्रिन मांजरांसाठी अत्यंत विषारी आहे, कारण त्यांचे यकृत ते पचवू शकत नाही. फवारणी घराबाहेर करावी, कपडे पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्यांच्या जवळ जाऊ देऊ नये, आणि नंतरही ते बंद पेटीत ठेवावेत म्हणजे मांजर त्यांवर झोपणार नाही. माशांनाही ते घातक असल्याने उरलेले औषध ओढ्यात किंवा गटारात ओतू नये.

अळ्या असतात हे खरे आहे. त्या बॉट माशीच्या असून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात खारीच्या कातडीखाली, बहुधा मान आणि खांद्यांच्या आसपास, मोठी गाठ करून राहतात. जूनमध्ये त्या क्वचितच दिसतात. गाठ कातडीबरोबर निघून येते, खालचे मांस खाण्यास योग्य असते, आणि आजूबाजूचा सुजलेला भाग तेवढा कापून टाकावा. जी खार हालचालींत मंद वाटली किंवा सोलताना जिच्या यकृतावर पांढरे बारीक ठिपके दिसले, ती मात्र खाऊ नये, कारण ती टुलरेमिया या जिवाणूजन्य रोगाची खूण असू शकते. सोलताना नेहमी रबरी हातमोजे घालावेत आणि मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस होईल इतके शिजवावे. आपला मालवणी मसाल्याचा रस्सा तासभर उकळतो, त्यामुळे तेथे ही अट आपोआप पूर्ण होते, पण निखाऱ्यावर भाजायचे असल्यास थर्मामीटर जवळ ठेवावा.